विहिरीतून निघालेले पाच ढीग, आणि मुरमाची माती व्हायला नेमकी किती वर्षं लागतात?

मुरमाड | ११ मे, रात्री ९:४०

मंडळी, गावाकडे (पारनेर तालुका) विहिरीचं काम चालू आहे. मी पुण्यात खुर्चीवर बसून कोड लिहिणारा माणूस, पण वडिलांनी एकट्यानं पोकलेनवाल्याशी डोकं लावू नये म्हणून आठ दिवस सुट्टी टाकून आलोय. बाकी काही काम नाही, त्यामुळे दिवसभर खड्ड्यात बघत बसतो. जे दिसलं ते असं:

वरचा फूटभर काळी, भुसभुशीत, गवताच्या मुळ्या. त्याखाली तीनेक फूट काळीच, पण घट्ट. ढेकूळ फोडलं की आत तिरका, तेल लावल्यासारखा तुकतुकीत भाग दिसतो. मग दीड-दोन फूट पिवळट, त्यात हरभऱ्याएवढे पांढरे खडे. मग आठ-नऊ फूट मुरूम, आणि त्यात मधेच गोल गोटे, ज्यांचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, ज्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. आता ३४ फुटांवर काळा पाषाण लागलाय आणि बकेट नुसती खरवडतेय. उद्यापासून ब्रेकर.

घोळ असा झाला, की मी जेवायला गेलो तेवढ्यात पोकलेनवाल्यानं तो पिवळा माल आणि थोडा मुरूम चांगल्या काळ्या रानात अर्ध्या एकरावर पसरून टाकला. विचारलं तर म्हणे, "दादा, दोन पावसाळे खाल्ले की मुरमाची मातीच होती." वडिलांनी काही न बोलता जुन्या विहिरीकडे बोट केलं. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खणलेली. तिच्या काठचा मुरमाचा ढीग आजही मुरमाचाच ढीग आहे, वर कुसळी गवत आणि दोन बाभळी.

तर प्रश्न: दोन पावसाळे की दोन हजार वर्षं? आणि पसरलेल्या मालाचं काय करू?

बांधावरून | ११ मे, रात्री १०:०५

पहिल्यांदा तो पिवळा माल उचला भाऊ. पाऊस पडायच्या आत. एकदा चिखल झाला की कोणाचा बाप वेगळा करू शकत नाही. बाकी शास्त्र नंतर. (यवतमाळकर, स्वानुभव)

वापसा | १२ मे, सकाळी ७:२०

बांधावरून यांना अनुमोदन, आजच ब्लेड लावून खरवडून घ्या. ते पांढरे खडे चुनखडीचे आहेत. ती वर आली की पिकाला जमिनीतलं लोह घेता येत नाही. भुईमूग, सोयाबीन पिवळं पडतं, उसावर केवडा येतो. जमिनीत लोह भरपूर असूनही पीक उपाशी राहतं, असा प्रकार.

आता तुमच्या खड्ड्याबद्दल. कृषी महाविद्यालयात तीस वर्षं मुलांना असे खड्डे खणायला लावले, पण मुलं पहिल्या फुटानंतर कंटाळायची. तुम्ही ३४ फूट बघितलंत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

वरचा भुसभुशीत फूटभर म्हणजे 'ए' थर. नांगर, मुळं, गांडुळं, शेणखत, सगळा कारभार इथे. जंगलात याच्याही वर पालापाचोळ्याचा 'ओ' थर असतो. आपल्या शेतात तो नसतो, कारण काडीकचरा आपण जनावरांना घालतो किंवा पेटवून देतो. त्याखालची घट्ट काळी आणि पिवळट चुनखडीचा पट्टा मिळून 'बी' थर. वरून निसटलेलं इथे येऊन साठतं. मुरूम हा 'सी' थर, म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. आणि 'आर' म्हणजे तो काळा पाषाण. पुस्तकात या दोन्हींच्या मध्ये एक सरळ रेघ असते. प्रत्यक्षात ती कशी नागमोडी असते ते आता तुम्हाला दिसतच असेल.

तुमच्या पोकलेनवाल्याची चूक फार लोक करतात: माती म्हणजे कुटलेला दगड, असं समजणं. मुरूम जात्यात घालून पिठासारखा दळला तरी त्याची काळी माती होणार नाही, बारीक मुरूमच होईल. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. मातीत शिरलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला त्याच्या कितीतरी पट वायू त्यात मिसळतो. हे पाणी बेसॉल्टमधली, म्हणजे तुमच्या त्या काळ्या पाषाणातली, फेल्डस्पार, पायरॉक्सीनसारखी खनिजं हळूहळू विरघळवतं, आणि त्यातून सुटलेलं सिलिका, ॲल्युमिनियम, लोह पुन्हा जुळून एक नवंच खनिज तयार होतं. ते म्हणजे चिकणमाती. दगडाचा चुरा म्हणजे वाळू. चिकणमातीचा जन्मच वेगळा.

गोट्यांचे पापुद्रे हे त्याच कामाचं अर्धं चित्र. खडकाला उभ्या-आडव्या चिरा असतात, त्यातून पाणी आत शिरतं. कोपऱ्यावर दोन-तीन बाजूंनी मारा होतो, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळा गोल होत जातो. एक गोटा फोडून बघा, आत निळसर काळा ताजा दगड मिळेल.

मुरमाड | १२ मे, सकाळी ८:०२

फोडला! आत खरंच ताजा काळा दगड, बाहेर विटकरी पापुद्रे. पिवळा माल उचलायला ट्रॅक्टर सांगितलाय. ताई, पण तो तेल लावल्यासारखा तुकतुकीत भाग कशाचा? आणि काळीत थर का दिसत नाहीत? चार फूट नुसतीच काळी.

वापसा | १२ मे, सकाळी ९:१५

दोन्हीचं उत्तर एकच. आपल्या काळ्या मातीतलं मुख्य चिकण खनिज स्मेक्टाइट. त्याचे कण म्हणजे पापडांची चवड समजा, आणि दोन पापडांच्या मध्ये पाणी शिरू शकतं. एक ग्रॅम स्मेक्टाइटमधले सगळे पापड अंथरले तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. पावसात चवड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमीन उलते. मे महिन्यातल्या त्या भेगांत वरची माती, काडीकचरा, तुमच्या हातातून पडलेला विळा, सगळं खाली जातं. पाऊस आला की खालची माती फुगते, पण भेगेत आधीच माल भरलेला असल्यानं तिला जागा पुरत नाही. मग मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर तिरके घासत सरकतात. तुम्ही पाहिलात तो या घासण्याचा गुळगुळीतपणा.

वरचं खाली, खालचं वर, असं शेकडो वर्षं चालतं. जमीन स्वतःला नांगरते म्हणाना. थर टिकणार कुठून? या गटाचं शास्त्रीय नाव व्हर्टिसॉल, उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून.

काळीआई_जिंदाबाद | १२ मे, दुपारी १२:३०

काळी माती म्हणजे ह्यूमस. हजारो वर्षांचा कुजलेला पाला. म्हणून ती काळी आणि म्हणून जगात सुपीक. हे स्मेक्टाइट वगैरे विद्यापीठांत शिकवतात, आमच्या आज्याला माहीत नव्हतं तरी त्याला सोन्यासारखं पिकत होतं. खतांनी वाट लावली.

वापसा | १२ मे, दुपारी १:१०

आज्याचं पीक खरं, पण रंगाचं कारण ते नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही काळ्या रानाची मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली सापडणं अगदी सामान्य आहे आणि त्या पत्रिकेत त्याला 'कमी' म्हणतात. थोडासाच ह्यूमस चिकणमातीच्या कणांना घट्ट लेपटलेला असतो, शिवाय बेसॉल्टमधली काळी लोह-टायटॅनियमयुक्त खनिजं असतात. त्यामुळे एवढ्याशा कर्बावरही रंग गडद दिसतो. कोळशाची पूड हातभर कापडाला पुरते, तसं.

मक्याच्या_देशा | १२ मे, दुपारी २:४५

इथे माझा एक तुकडा जोडतो. मी इलिनॉयमध्ये राहतो, शेजारी सगळी मक्या-सोयाबीनची रानं. पहिल्यांदा नांगरलेलं शेत पाहिलं तेव्हा गाडी थांबवून उतरलो, अगदी परभणीची आठवण झाली इतकी काळी. पण ही काळी खरंच ह्यूमसची. सेंद्रिय पदार्थ ४-५ टक्के सहज. मूळ माल दगडाचा नाही, हिमयुगाच्या शेवटी वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक धूळ. तिच्यावर हजारो वर्षं पुरुषभर उंच गवत, मुळं खोल खोल. दर हिवाळ्यात जमीन गोठते, कुजणं थांबतं, कर्ब साठत जातो. या राज्यानं राज्यपक्ष्यासारखी 'राज्यमाती'सुद्धा ठरवलीय, ड्रमर नावाची!

काळीआई साहेब, रंग एक आणि कारणं दोन, असा मामला आहे.

काळीआई_जिंदाबाद | १२ मे, दुपारी ३:०१

बरं. पण खतांनी वाट लावली हे खरंच.

बांधावरून | १२ मे, दुपारी ३:२०

खताचा धागा वेगळा काढा राजेहो. इथे मातीवर बोला.

चिरेखाण | १२ मे, संध्याकाळी ६:१२

कोकणातला प्रतिनिधी हजर. आमच्याकडे भेगा पडत नाहीत, तुकतुकीत नाही, चुनखडी तर औषधालाही नाही. वर टीचभर लाल माती, खाली जांभा. राजापूरकडे सड्यावर (म्हणजे उघड्या जांभ्याच्या माळावर) कलमं लावायची म्हणजे जांभ्यात खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि मग हापूस. माती विकत घेऊन शेती करणारे आम्हीच!

जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, करवतीनं कापता येतो. वाऱ्या-उन्हात पडला की घट्ट होतो. घरं त्याचीच. पण प्रश्न असा की, आमच्या रत्नागिरीतही खाली तोच काळा दगड आहे. मग दगड एक आणि माती दोन कशा?

वापसा | १२ मे, रात्री ८:३०

वा, हाच प्रश्न परीक्षेत विचारायचे मी.

फरक पाण्याचा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस, पारनेरला पाचशेच्या आसपास. खडकातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पाठोपाठ सिलिकासुद्धा कोकणात पाण्याबरोबर निघून समुद्रात जातं. मागे काय उरतं? जे सहज विरघळत नाही ते: लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला हवा लागली की तांबडा रंग. तोच जांभा. त्यात जे चिकण खनिज असतं ते केओलिनाइट. त्याचे पापड एकमेकांना चिकटलेले, मध्ये पाणी शिरत नाही, म्हणून तुमची जमीन उलत नाही.

पारनेरला पाऊस खडकाला भिजवतो, कॅल्शियम सोडवतो, पण ते वाहून न्यायला पुरत नाही. पाणी चार-पाच फूट उतरतं आणि सुकतं. जिथे सुकतं तिथे चुना मागे राहतो. मुरमाड यांच्या खड्ड्यातला पांढऱ्या खड्यांचा पट्टा म्हणजे त्यांच्या गावच्या पावसानं कुठवर मजल मारली त्याची खूण.

दोन्ही एका दिवसात बघायचं असेल तर महाबळेश्वरला लाल जांभ्यावर उभे राहा आणि पसरणीचा घाट उतरून वाईच्या काळ्या रानात या. पाचगणीचं टेबललँडसुद्धा जांभ्याचीच टोपी. खाली सगळीकडे तोच दख्खनचा बेसॉल्ट. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात ते नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरनं केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून दिलं, १८०७ च्या त्याच्या पुस्तकात. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. तिथेही लोक तो कापून घरं बांधत होते.

चिरेखाण | १२ मे, रात्री ८:४४

म्हणजे आमचा कस अरबी समुद्रात जातो. आता कळलं मासे एवढे चवदार का. 😄

गवंडी_साहेब | १३ मे, सकाळी १०:२०

बांधकामवाल्यांकडून दोन ओळी. शेतकऱ्याला जी माती सोनं, ती आम्हाला डोकेदुखी. काळ्या मातीवर उथळ पाया घातला की पहिल्या पावसाळ्यात घर वर उचललं जातं, उन्हाळ्यात बसतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग. घरमालक म्हणतो सिमेंट कमी घातलं. अहो, सिमेंट नाही, पापडांची चवड! (वापसाताई, उपमा ढापली.) म्हणून आम्ही काळी काढून मुरमापर्यंत जातो, किंवा ती फार खोल असेल तर खाली कंद असलेले पाइल टाकतो. त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात.

मुरमाड, घर कधी बांधणार असाल तर तो मुरूम विकू नका. भरावाला सोन्यासारखा आहे.

पांढरीवाला | १३ मे, दुपारी १:०५

काळीवर एवढं लिहिलंत, पण पांढरी राहिली. जुन्या कागदपत्रांत 'काळी' म्हणजे कसायची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. पांढरी ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, तिचा रंग खरंच राखी-पांढुरका असतो. शेकडो वर्षं एकाच जागी चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, शेण, हाडं, राख, खापरं साठत गेली. माणसानं तयार केलेली माती म्हणा हवं तर. नदीकाठी असं पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्ववाले थांबतातच. नेवासे, जोर्वे, घोड नदीकाठचं इनामगाव, दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती अशाच टेकाडांत सापडल्या. वाईट एवढंच, की शेतकऱ्यांनाही पांढरीचा कस माहीत होता. कित्येक टेकाडं खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली.

अवांतर: तिथेही थर असतातच, फक्त तिथल्या थरांना वर्षं मोजता येतात.

मुरमाड | १३ मे, दुपारी १:४०

पांढरीवाला, आमच्या गावात खरंच 'पांढरीत' म्हणून एक आळी आहे. आजवर वाटायचं चुन्याची घरं असतील म्हणून नाव पडलं!

दुसरं: काल खंडाळ्यावरून येताना घाटात रस्त्याच्या कटिंगमध्ये दोन काळ्या खडकांच्या मध्ये लाल पट्टा दिसला. तोही जांभा का?

वापसा | १३ मे, संध्याकाळी ५:५०

नाही, आणि ही माझ्या आवडीची गोष्ट आहे. दख्खनचा लाव्हा एकाच दिवशी नाही आला. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात तो थरावर थर असा येत राहिला. एक थर थंड झाला, मध्ये काही काळ शांतता, त्या काळात पाऊस पडला, वरचा खडक कुजू लागला, कुठे राख पडली. आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर पसरला आणि खालचा माल विटेसारखा भाजून निघाला. लाल पट्टा तो. त्याला बोल म्हणतात. त्यातला प्रत्येक पट्टा माती होता असं म्हणता येत नाही, पण काही नक्कीच होते. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतून कोट्यवधी वर्षांपूर्वीची भाजलेली माती दिसते आणि आपण कणीस खात असतो.

मुरमाड | १३ मे, रात्री १०:१५

मी उद्योग केला. तीन काचेच्या बरण्या (आईच्या लोणच्याच्या, शिव्या खाल्ल्या), एकात वरची काळी, एकात खालची घट्ट काळी, एकात मुरूम बारीक करून. पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, पाच मिनिटं हलवून ठेवल्या. मुरूम मिनिटभरात तळाला, वरचं पाणी जवळपास स्वच्छ. वरच्या काळीत तळाला थोडी वाळू, त्यावर पिठासारखा थर, वर गढूळ. खालच्या काळीचं पाणी सकाळपासून रात्रीपर्यंत चहासारखंच आहे. बरणी बिघडली का?

वापसा | १४ मे, सकाळी ७:४०

बरणी उत्तम आहे. ०.०५ मिमीहून मोठे कण वाळू, ते मिनिटात बसतात. त्याखाली ०.००२ मिमीपर्यंत गाळाचे कण, त्यांना काही तास. त्याहून बारीक ती चिकणमाती, ती एक-दोन दिवससुद्धा तरंगते. (गाळाच्या कणांना काही पुस्तकं पोयटा म्हणतात, आणि शेतकरी तिन्हींच्या चांगल्या मिश्रणाला पोयट्याची जमीन म्हणतात. या एका शब्दानं माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना नापास केलंय.)

बरणीत न दिसणारी गोष्ट: चांगल्या मातीच्या आकारमानात जेमतेम निम्मा भाग घन असतो. ४५ टक्के खनिज, ५ टक्के सेंद्रिय, उरलेल्यात अर्धं पाणी, अर्धी हवा, हा पुस्तकी हिशोब. आपल्याकडे ते ५ टक्के एकाच्या आसपास येतात. जुलैत काळ्या रानात हवेची जागाही पाणी घेतं, मुळं गुदमरतात. मेमध्ये उलट. मधले जे थोडे दिवस पाणी आणि हवा दोन्ही बरोबर असतात, औत चालतं, ढेकूळ निघत नाही, चिखल चिकटत नाही, त्याला वापसा म्हणतात. माझ्या आयडीचं रहस्य फोडलं.

बांधावरून | १४ मे, सकाळी ९:००

ताई, मग कर्ब वाढवाचा कसा? अर्ध्याचा एक टक्का करायला किती शेणखत लागन?

वापसा | १४ मे, सकाळी ११:२५

हिशोब मांडून बघा. एकरभर जमिनीची वरची १५ सेंटिमीटर माती साडेआठ-नऊ लाख किलो भरते. तिच्यातला कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे जवळजवळ ९०० किलो शुद्ध कर्ब जमिनीत टिकून राहायला हवा. टिकून, हा शब्द महत्त्वाचा. आपल्या उन्हात शेणखताचा बराचसा भाग वर्षा-दोन वर्षांत जिवाणू खाऊन हवेत सोडून देतात. म्हणून नुसत्या गाड्या ओतून भागत नाही. पिकाचे अवशेष न जाळणं, ताग-धैंचा गाडणं, नांगरट कमी करणं, हे सगळं मिळून वर्षानुवर्षं. अर्ध्याचा एक टक्का करण्याचं वचन देणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका.

आणि गांडुळांना जगू द्या. डार्विननं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ साली. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी गांडुळं वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती पोटातून काढून वर आणतात, असा त्याचा हिशोब होता. आपल्या कोरड्या माळावर तेच काम बऱ्याच अंशी वाळवी आणि मुंग्या करतात. वारुळाची माती खोलातून आलेली असते.

गवंडी_साहेब | १४ मे, दुपारी १२:१०

आणि दगडफूल? आमच्या आईच्या गोड्या मसाल्यातलं? तेही दगड खातं म्हणे.

वापसा | १४ मे, दुपारी १२:४०

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. आम्लं सोडून खडकाचा पृष्ठभाग पोखरतं आणि धूळ धरून ठेवतं. उघड्या कातळावर पहिलं बिऱ्हाड बहुधा त्याचंच.

मुरमाड | १४ मे, दुपारी ४:३०

ताई, मूळ प्रश्न तसाच राहिलाय. दोन पावसाळे की दोन हजार वर्षं?

वापसा | १४ मे, संध्याकाळी ७:०५

टाळत होते, कारण एक आकडा सांगणं अप्रामाणिकपणा होईल. हान्स येनी या शास्त्रज्ञानं १९४१ मध्ये मांडलेली पाच कारणं आजही शिकवतो: हवामान, सजीव, उतार, मूळ खडक आणि काळ. यातलं एक बदललं की उत्तर बदलतं.

तुमच्या काळ्या मातीबाबत तर आणखी गंमत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातल्या आजच्या पावसात एवढं स्मेक्टाइट तयार होऊच शकत नाही. ते आधीच्या, जास्त ओल्या काळात वरच्या उतारांवर तयार झालं आणि वाहत येऊन सखल भागात साठलं. तुमच्या गावातही माळावर बरड, मधल्या टप्प्यात मध्यम, ओढ्याकाठी भारी, अशीच जमीन असणार. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याच्या रानात माळावरच्याची माती आहे. भाऊबंदकीला नवा मुद्दा.

म्हणून उत्तर दोन भागांत. चिकणमाती: हजारो वर्षं, आणि तुमच्या आजच्या पावसात बहुधा फारच सावकाश. वरचा काळपट, मुळ्यांचा थर: काही दशकांतसुद्धा दिसू लागतो. खात्री करायची तर तुमच्याकडे प्रयोगशाळा आहेच. १९७२ चा ढीग. खणा.

मुरमाड | १६ मे, रात्री ९:००

खणला. बाभळीपासून लांब, सपाट जागा बघून, टिकाव आणि खुरपं. वडील खुर्ची घेऊन बाजूला.

वर कुसळीच्या मुळ्यांचं जाळं, त्यात करडी-काळपट माती, दोन बोटं. मोजून ३ सेंटिमीटर, काही ठिकाणी ४. त्यात मेंढ्यांच्या लेंड्या, मुंग्यांची भोकं. त्याखाली वीतभर मुरूमच, पण फिकट आणि चिमटीत चुरा होणारा. खाली गेलो तर थेट आजोबांच्या वेळचा मुरूम, कालच काढल्यासारखा. वरच्या दोन बोटांची बरणी लावली: वाळू बरीच, गाळ थोडा, गढूळपणा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेला.

वापसा | १६ मे, रात्री ९:४०

सुंदर. पाणी लवकर निवळलं, म्हणजे चिकणमाती थोडीच. जी आहे तीही बहुतेक शेजारच्या रानातून वाऱ्यानं आणलेली धूळ. गवत, मेंढ्या आणि मुंग्यांनी तिला धरून ठेवलं. खालचा वीतभर मऊ मुरूम हे पाण्याचं काम, तेवढंच खरं या ढिगाचं स्वतःचं. ५२ वर्षांत.

मक्याच्या_देशा | १६ मे, रात्री १०:१०

फोटो टाका ना त्या कापाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मुरमाड | १७ मे, सकाळी ८:१५

फोटो उद्या, इथे रेंज नाही. पोकलेनवाल्याला दोन बोटं दाखवली. बराच वेळ खाली बसून चिमटीत चुरगाळत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या रानातली मी जी झाकली ती किती वर्षांची होती?" पसरलेल्यापैकी बहुतेक माल उचलून झालाय, राहिलेला तो आज स्वतःच्या डिझेलवर काढतोय. विहिरीला ३९ फुटांवर पाझर लागला, पाणी सध्या गढूळ आहे. बरणीत भरून ठेवलंय.

बांधावरून | १७ मे, सकाळी ८:३०

पेढे पाठवा.